सात खुर्च्या आणि आठवा माणूस

तीर्थस्वरूप दाजी यांना,

शिरसाष्टांग नमस्कार. (कमरेमुळे हल्ली फक्त शिर वाकतं. उरलेली सात अंगं मनातल्या मनात वाकवली आहेत, ती जमेस धरावीत.) तुमच्या गुडघ्याला नवं मलम लागू पडलं का? ताईचा रक्तदाब काय म्हणतो? तिला हे पत्र वाचून दाखवू नका, ती हसेल आणि मग तिला ठसका लागेल. आम्ही इकडे सगळे ठीक आहोत. म्हणजे मला हाकललं, तेवढं सोडलं तर ठीक.

तुम्हाला फुटबॉलमध्ये रस नाही हे मला ठाऊक आहे. (बावीस माणसांना एकेक चेंडू घेऊन द्यावा म्हणजे भांडण मिटेल, असं तुम्ही माझ्या लग्नात म्हणाला होतात.) म्हणूनच तुम्हाला लिहितो, निःपक्षपाती माणूस आमच्या गावात उरलेला नाही. तर आमच्या क्लबच्या मैदानावर पूर्वेच्या बाजूला, नवव्या रांगेत, एक खांब आणि एक जिना यांच्या मधोमध बरोबर सात खुर्च्या आहेत. आठवी बसत नाही. दर मोसमाला त्या सातही आमच्या टोळीच्या नावावर असतात, आणि त्यातल्या खांबाला टेकलेल्या खुर्चीत मी गेली बावीस वर्षं बसतो आहे. बसत होतो.

टोळी तशी साधी. एक शिंपी, पोस्टमन, भूमितीचे मास्तर, निवृत्त सिस्टर, बेकरीवाले दोघे भाऊ (डोकं एक, मतं दोन) आणि मी, छापखान्यातला मुद्रितशोधक. मोसम संपला की नवा सुरू होईपर्यंत आम्ही दर रविवारी सकाळी शिंप्याच्या दुकानात जमतो आणि क्लबने कोणते खेळाडू घ्यावेत ते ठरवतो. क्लबला आम्ही काही ठरवतो आहोत याची कल्पना नाही. ठरावाची प्रत आम्ही दरवर्षी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवतो. गेल्या वर्षी उंच आघाडीवीर घ्या म्हणून कळवलं, तर त्यांनी गवत कापायचं यंत्र घेतलं. तरी आमची चर्चा गंभीर असते. कापडं बेतायचा खाकी कागद भिंतीला टाचून त्यावर खडूने अकरा नावं लिहिलेली असतात. शिंपी फोटोवरून माप घेतो आणि याची छाती अडतीस, हा धक्का काय सोसणार, म्हणून निकाल देतो. सिस्टर फोटोतले गुडघे बघून कुठला कधी जाईल ते सांगतात. मास्तर कोन काढतात. पोस्टमनचं म्हणणं, जो रोज बारा किलोमीटर चालत नाही त्याने चेंडूला हात (त्याला पाय म्हणायचं असतं) लावू नये. मतदान गुप्त असतं: एकेकाने माप घ्यायच्या खोलीत जायचं, पडदा ओढायचा, चिठ्ठी लिहून बटणांच्या डब्यात टाकायची. नियम एकच, आणि तो मी घातलेला आहे. जो नवा माणूस सुचवेल त्याने कोणाला काढायचं तेही सांगायचं. नाहीतर संघ फुगतो.

मागल्या रविवारी विषय होता आमचा कप्तान. वय छत्तीस, बचावफळीतला, चौदा मोसम इमानेइतबारे खेळलेला. बाकी सगळे हळवे झाले होते. शिंप्याने तर डोळ्याला मोजपट्टी लावली. तेव्हा मी उभा राहिलो. दाजी, स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण असं भाषण त्या दुकानात आजवर झालेलं नाही. मी म्हटलं, जुन्या पराक्रमाने आजचा गोल अडत नाही. माणूस उत्तरार्धात पेंगतो, मागे धावण्याऐवजी तरुण पोरांवर खेकसतो, आणि त्याच्या जागी ताज्या दमाचा कोणी उंबऱ्यावर उभा असताना त्याला केवळ सवयीने ठेवणं ही माया नव्हे, आळस आहे. बेकरीवाल्या भावांनी टाळ्या वाजवल्या. कप्तानाचं नाव ओल्या फडक्याने पुसलं गेलं. मी खाली बसलो आणि चहा मागवला.

चहा यायच्या आत शिंपी खाकरला आणि म्हणाला की आणखी एक छोटा विषय आहे. चौकातला चष्मेवाला टोळीत येऊ म्हणतो. चौतीस वर्षांचा आहे, आवाज खणखणीत आहे, आणि त्याच्या फोनमध्ये प्रत्येक खेळाडूची प्रत्येक सामन्यातली धाव मोजलेली असते. मी म्हटलं, येऊ द्या की. (हे मी म्हटलं. लिहून ठेवा.) तेव्हा मास्तरांनी आठवण करून दिली की खुर्च्या सातच आहेत, आणि नियमाप्रमाणे सुचवणाऱ्याने एक नाव काढायला हवं. शिंप्याला काही ते जमेना. तो सुईत दोरा ओवायला लागला. सिस्टरनी मात्र आयुष्यभर इंजेक्शनं दिलेली आहेत, त्यांना सवय आहे.

"गेल्या मोसमात तुम्ही कमरेपायी चार सामने चुकवलेत," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "दोनदा उत्तरार्धात घोरलात. आणि आपल्याच पोरांवर इतके खेकसता, की तो डावा बचावपटू आपल्या बाजूला यायला घाबरतो. आत्ता तुम्हीच बोललात ना, भाऊ? मी वेगळं काय बोलतेय?"

वेगळं काहीच नव्हतं. तीच तर अडचण होती. मी म्हटलं की खेळणारा आणि बघणारा यांत फरक असतो; बेकरीवाला थोरला म्हणाला की घोरायला लागल्यावर तसा काही राहत नाही. मग पडदा ओढला गेला, सातही जण आत जाऊन आले, आणि बटणांचा डबा उपडा केला. चार चिठ्ठ्या "जावा", तीन "राहावा".

तेव्हापासून आठ दिवस मी हिशेब मांडतो आहे. सिस्टर आणि दोघे भाऊ, या तीन चिठ्ठ्या उघड आहेत. शिंप्याने मुलाची शपथ घेऊन "राहावा" लिहिल्याचं सांगितलं. मास्तर मला घालवणार नाहीत, मी गेलो तर ते वाद कोणाशी घालणार? उरला पोस्टमन. बावीस वर्षं शेजारच्या खुर्चीत बसून माझ्या डब्यातलं खाणारा पोस्टमन. मी त्याच्याशी बोलणं टाकलं आहे. तो शपथा घेतो, मी खिडकी लावतो. परवा तो विजेचं बिल फाटकाला खोचून निघून गेला.

टोळीने निरोपही रीतसर दिला. मला "सल्लागार" केलं आहे, म्हणजे सामन्याच्या वेळी मी शिंप्याच्या दुकानात बसून रेडिओ ऐकायचा आणि मनात येईल तो सल्ला कापडाच्या ठाणांना द्यायचा. मोसम सुरू व्हायला तीन आठवडे आहेत. शनिवारी दुपारी तीन वाजता माणसाने घरात काय करायचं असतं, हे मला कोणी शिकवलेलं नाही. माझ्या बायकोने कपाट आवरायचं सुचवलं आहे. एक कपाट, दाजी. मोसमाचे शनिवार तीस असतात.

असो. मला कोणाची गरज नाही. मैदानही आता पूर्वीचं राहिलेलं नाही, खुर्च्या कडक आहेत, आणि खांबाने अर्धा गोल झाकलेला असतो. सुटलो, असंच म्हणायचं. ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
(मोकळा झालेला) मेहुणा

ता. क. : शिंप्याचं लग्न तुमच्या मध्यस्थीने जुळलं होतं, त्यामुळे तुमचा शब्द तो खाली पडू देणार नाही. त्याला चार ओळी लिहाल का? मी सांगितलं असं लिहू नका. सहज सुचलं म्हणून लिहा, की एका खुर्चीत दोघेजण अर्धा अर्धा सामना बसू शकतात. मला पूर्वार्ध चालेल. झोप मला उत्तरार्धातच लागते, तेव्हा खुर्चीत चष्मेवाला असेल, म्हणजे कोणाचीच तक्रार राहायची नाही. जिन्यावर उभं राहायलाही मी तयार आहे, पण हे तुम्ही आधी लिहू नका, घासाघीस झाली तरच.

ता. ता. क. : तुमच्याशी खोटं बोलून मध्यस्थीला पाठवणं बरं नव्हे. चौथी चिठ्ठी माझी होती. पडदा ओढला, पेन्सिल उचलली, आणि माझंच भाषण पुन्हा एकदा डोक्यात वाचून काढलं. तीस वर्षं लोकांच्या मजकुरातल्या चुका काढून पोट भरतो आहे, दाजी. त्यात एकही सापडली नाही. पोस्टमनशी बोलणं टाकलं ते, कोणाशी तरी टाकायला हवं म्हणून. त्याला यातलं अक्षर कळू देऊ नका. तुमचं उत्तर बंद पाकिटातून पाठवा. उघडं कार्ड तो वाचतो, आणि वाचलं तर उभ्या उभ्या मला माफ करून पुढच्या घराकडे जाईल. तेवढं मला झेपायचं नाही.