खिंडीपर्यंत जाऊन घरी

प्रिय आत्याबाई,

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. पाहुणे जेवून गेले, भांडी घासून पालथी घातली, आणि आज मी अंगणवाडीला रजा टाकून बसलेय. पाय ठणकतायत. पडल्या पडल्या झोप लागेल असं वाटलं होतं, पण डोक्यात कालचंच चाललंय. तुम्हाला सांगितल्याशिवाय ते थांबायचं नाही.

पंगत उठल्यावर मंदावन्सं चार बायकांत म्हणाल्या, "माज्या आईला हिनं डोंगर चढवून चढवून मारलं." तुमची लेकच ती, राहात्याहून मुद्दाम आलेली. मी हातात पातेलं घेऊन उभी होते. तुमचे चिरंजीव टेम्पोची किल्ली बोटात फिरवत बाहेर निघून गेले.

मारलं का हो मी तुम्हाला?

शेवटची दोन-अडीच वर्षं तुम्हाला कुणी ओळखू येत नव्हतं. मला तुम्ही 'बाई' म्हणायचात. दिवस कलला की पदर खोचून दाराशी यायचात. "बाई, मला घरला जायचंय." अहो, हेच तुमचं घर, म्हणून मी किती समजावलं. ओरडलेसुद्धा. मग एकदा तुम्ही दारावर डोकं आपटून घेतलंत, तेव्हा मी चपला घातल्या आणि म्हटलं, चला.

तळ्याच्या भिंतीवरून, सांडव्याच्या कडेनं, तरवडाच्या झुडपांतून वर डोंगराच्या खिंडीपर्यंत. तिथून सगळं तळं दिसायचं. कमरेवर हात ठेवून तुम्ही बघायचात आणि म्हणायचात, "औंदा लई पानी हाय." वैशाखात नुसता भेगाळलेला गाळ असला तरी तेच. मग मुकाट उतरायचात. दाराशी आलो की तुमचा चेहरा सैल पडायचा. "आलं बघ घर." रोज त्याच घरातून निघायचं आणि रोज त्याच घरी पोचायचं.

रविवारी शहरातली माणसं गाड्या घेऊन तिथं येतात, फोटो काढतात. एक बाई मला म्हणाली, तुम्ही किती नशीबवान, रोज इथं फिरायला मिळतं. काय सांगू तिला? पहाटे चारला उठलेली असायचे मी. चढताना माझी नजर तुमच्या टाचांवर, पाय घसरेल म्हणून. डोंगर मी पाहिलाच नाही.

आत्याबाई, एकदा तरी म्हणायचं होतंत की शोभा, आज दमलीस, राहू दे.

एवढं मात्र आठवतं. एका संध्याकाळी खिंडीत बसलो असताना तुम्ही माझ्या साडीची कुसळं काढायला लागलात. एकेक करून, न बोलता, सगळा काठ मोकळा केलात. मी जराही हलले नाही. सासू म्हणून कधी माझ्या अंगाला हात लावला नव्हतात तुम्ही.

आता जे लिहायचंय ते. त्या दिवशी तालुक्याला मीटिंग होती. एसटी चुकली, अर्धा रस्ता उभ्यानं आले. घरी पोचले तर तुम्ही दाराशी तयार. मी तुम्हाला आत ढकललं, आत्याबाई. बाहेरून कडी लावली आणि ओट्यावर बसून राहिले. आतून तुम्ही म्हणत होतात, "बाई, दार उघड. घरची वाट बगत असतील." मी उघडलं नाही. दिवेलागणीला उघडलं, तेव्हा तुम्ही चपला घालून उंबऱ्याशी बसला होतात. लुगडं ओलं झालेलं.

त्यानंतर घरला जायचं असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. आठवड्यानं ताप आला, छाती भरली, आणि पंधरा दिवसांत गेलात. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. वन्सं म्हणतात, चालवून मारलं. मला वाटतं, चालवलं नाही म्हणून.

काल उन्हं उतरल्यावर मी वन्संना म्हटलं, चला, तुमची आई कुठं जायची ते दाखवते. घुश्शातच निघाल्या. सांडव्याशीच त्यांना दम लागला. खिंडीत पोचल्यावर दगडावर बसून त्यांनी विचारलं, "रोज?" मी म्हटलं, रोज. मग मी त्यांना कडीचं सांगून टाकलं. सगळं. लुगड्याचंसुद्धा.

पाण्याकडं बघत त्या म्हणाल्या, "मागं एका दिवाळीला आले हुते, तवा आईनं मला इचारलं, तुमी कोन? त्यापायी मी परत फिरकलेच न्हाई. तू येक दिस दमलीस म्हनून सांगतीस, शोभा. मी तर आलेच न्हाई."

माफी त्यांनी मागितली नाही, मीही नाही. उतरताना दगड निसटत होते, तेव्हा त्यांनी माझा दंड धरला. आज सकाळी एसटीत चढण्याआधी भावाला एवढंच बजावलं, "हिला चार दिस माहेरी धाड. झोपू दे."

तुम्ही मला माफ केलंत का, हे मी विचारत नाही. तुम्हाला ती संध्याकाळ दुसऱ्या दिवशीच आठवत नव्हती. मला एकटीलाच आठवते, म्हणून तर जास्त जड जातं.

उद्या मी मिरजगावला माहेरी जातेय. खरंच झोपणार आहे. पण निघायच्या आधी तुमच्या लेकाला समोर बसवून कडीचं सांगणार आहे. वर्षभर त्यांना ठाऊक नाही. काय म्हणायचं ते म्हणोत. तुमची शपथ घेऊन सांगते, सांगितल्याशिवाय मी एसटीत चढणार नाही.

तुमची,
शोभा