एक शेत पेरावे, एक निजू द्यावे

मी, खाली सही करणारा शेतकरी, वयाने थकलेला पण डोक्याने शाबूत, कोणाच्या दडपणाखाली न येता आणि कोणी कानाशी लागलेले नसताना माझ्या मिळकतीची पुढील व्यवस्था लिहून ठेवतो. डॉक्टरीणबाईंनी तपासून दाखला दिला आहे. पाय गेले, छाती चालली, बुद्धी जागेवर, असे त्यांचे म्हणणे. याआधी रागाच्या भरात लिहिलेली मृत्युपत्रे मी चुलीत घातली आहेत. हे शेवटचे आणि खरे मानावे.

मला दोन अपत्ये, थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी. दोघे एका घरात राहतात, एकाच शेतावर राबतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. मुलगी सासर कायमचे सोडून आली त्या दिवशी मुलगा उंबऱ्यात म्हणाला होता, "पाहुणी किती दिवस आहे?" तेव्हापासून "बाबा, त्याला सांगा" आणि "बाबा, तिला विचारा" एवढेच. मी दोघांमधला टपालवाला. मी गेलो की हे टपाल बंद होणार, याची मला मरणापेक्षा जास्त धास्ती वाटते.

घराच्या पुढच्या खोल्या मुलाच्या, मागच्या मुलीच्या. स्वयंपाकघर दोघांचे. मध्ये भिंत घालायची नाही, पडदाही नाही. बँकेतली शिल्लक निम्मी निम्मी. त्यावरून भांडण्याइतकी ती नाही.

पाभर मुलाला, कारण पेरताना त्याची ओळ सरळ जाते. कोळपे मुलीला. पावसानंतर जमिनीवर खपली धरली की ती नेमकी कधी फोडायची हे तिला कळते, त्याला अजून कळत नाही. दोघांनी एकमेकांचे अवजार मागून घ्यावे. मागितल्याने जीभ झिजत नाही. माझा चांगला विळा सुताराकडे आहे. तो नेताना "उद्या देतो" म्हणाला आणि आता स्वतःचाच सांगतो. तो मी त्याला या कागदान्वये बक्षीस देत आहे. हे त्याला चारचौघांत वाचून दाखवावे.

आता जमीन. वरचे शेत मुलाचे, खालचे मुलीचे. पुढचे नीट वाचावे.

आमच्या जमिनीला आभाळाशिवाय दुसरे पाणी नाही, आणि एका सालचा पाऊस जवाच्या किंवा ओटाच्या पिकाला पुरत नाही. म्हणून एक शेत पेरायचे आणि दुसरे पड ठेवायचे. पड म्हणजे टाकून दिलेले नव्हे. त्यात तण माजू द्यायचे नाही आणि वरची माती मोकळी ठेवून आतली ओल राखायची. मग दोन पावसांची ओल एका पिकाला मिळते.

आमच्या वडिलांनी मरताना मोठा न्याय केला. एक शेत मला, एक धाकट्या भावाला. आपले एकुलते शेत कोण रिकामे ठेवील? दोघेही दरसाल पेरत गेलो. पहिल्या साली जव कमरेला लागले, पुढे गुडघ्याला, नंतर विळ्यात धरवेना. दोष मात्र आम्ही एकमेकांना दिला. बांध उंच होत गेला आणि बोलणे संपले. पुढे मी माझ्या वाट्याचे वरचे आणि खालचे असे भाग पाडून आळीपाळीने पेरले, तेव्हा कुठे कणसे भरली. भाऊ अजून सगळे पेरतो आणि कपाळाला हात लावतो. हट्ट आमच्या घरात न पेरता उगवतो.

म्हणून अट अशी. दोन्ही शेते आळीपाळीने पेरावी. ज्याचे शेत पड असेल त्याने दुसऱ्याच्या शेतात राबावे आणि धान्याचा व काडाचा निम्मा वाटा घ्यावा. पड मोडून जो पेरील, त्याचे शेत दुसऱ्याला जाईल.

यंदा वरचे शेत पेरले आहे. मळणी झाली की पहिले पोते मुलाने स्वतः उचलून मागच्या खोलीत न्यावे आणि तोंडाने म्हणावे, "हे तुझं." मजुराहाती पाठवले तर वाटणी झाली असे धरू नये. मुलीने दार उघडे ठेवावे.

साक्षीला गिरणीवाला आहेच. दुसरा साक्षीदार म्हणून मी भावाला निरोप धाडला. गिरणीवाला म्हणाला, "कशाला हसं करून घेता? तो यायचा नाही." तो आला. त्याने सगळे वाचले, पडीची अट पुन्हा वाचली आणि सही केली. मग म्हणाला, "दादा, माझी पेरणी व्हायचीय. यंदा अर्धं पड ठेवून बघतो. कोळपं देशील?"

मी म्हणालो, "कोळपं आता पोरीचं. तिला विचार."

मुलगा दारात उभा होता. मी निरोप सांगण्याआधीच तो मागच्या खोलीकडे वळून म्हणाला, "अगं, काकांना तुझं कोळपं हवंय. देतेस का?"

"देते की," आतून उत्तर आले.

हे मी साक्षीदारांसमोर या कागदात नोंदवून ठेवत आहे, म्हणजे उद्या दोघांपैकी कोणाला नाकारता येणार नाही.

लिहून देणार: शेतकरी (सही, वाकडी आली, पण माझीच आहे)
साक्षीदार: १. गिरणीवाला (सही) २. लिहून देणाऱ्याचा धाकटा भाऊ (सही)
स्थळ: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: वरच्या शेतात जव उगवून वर आले तो दिवस