एकदाच सांगायची मुभा

७ जानेवारी, सकाळी ९.४०
सकाळच्या सभेत मठाधिपतींनी जाहीर केलं : एप्रिलच्या अंकानंतर मठाचं त्रैमासिक बंद. छापखान्याची खोली कोठीवाल्या ब्रदरना, बटाटे ठेवायला. आणि मी? एकेचाळीस वर्षं नवीन ब्रदरांना शिकवणारा, एकेचाळीस वर्षं हे त्रैमासिक लिहिणारा, तपासणारा, छापणारा आणि पाकिटात घालणारा मी पाहुण्यांच्या रिसेप्शनवर. लोकांना किल्ल्या द्यायला.

मठाधिपती माझेच विद्यार्थी. लॅटिनमध्ये दोनदा नापास. त्याचा राग इतकी वर्षं मनात ठेवला म्हणायचा.

बेनेडिक्टाइन पंथाचा ख्रिस्ती संन्यासी आज्ञा मोडत नाही. मीही मोडणार नाही. पण आमच्या नियमात एक सोय आहे. झेपणार नाही असं काम सांगितलं, तर योग्य वेळ बघून, शांतपणे, वरिष्ठांना आपली अडचण सांगता येते. एकदाच. मग निमूटपणे कामाला लागायचं.

मला एकदा पुरे आहे.

९ जानेवारी
मेमो लिहायला घेतला. फक्त एक पान. मुद्देसूद.

१४ जानेवारी
मेमो दिला. बरीच काटछाट करून चौदा पानं झाली. मठाधिपती म्हणाले, वाचतो. आतून हललेले दिसले.

२० जानेवारी
म्हणाले, वाचला, पण निर्णय तोच. उत्तरार्ध न वाचताच निर्णय? उत्तरार्ध तर मी आज दिला. हे दुसऱ्यांदा सांगणं होत नाही. एकदाच सांगतोय, हप्त्याहप्त्याने.

२ फेब्रुवारी
वर्ग. विषय : मौन. सलग दोन तास बोललो. चार नवीन ब्रदर आहेत. तिघांनी डोळे मिटून ऐकलं. चौथ्याने तर डोकं बाकावर टेकवलं, इतकी नम्रता. बाहेर येताना तो मला म्हणाला की आज त्याला फार शांत वाटतंय. असा वर्ग सोडून मी किल्ल्या देत बसू?

मेमोची पुरवणी दिली. मठाधिपतींनी दोन्ही हातांनी घेतली.

२२ फेब्रुवारी
या आठवड्यात भोजनगृहात वाचायची पाळी माझी. आमच्याकडे जेवताना कोणी बोलत नाही. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, भाकरी किंवा मीठ हवं असेल तर हाताने खूण करतात. पुस्तक मठाधिपतींनी ठरवलेलं, कुठल्याशा संताचं चरित्र. मी चरित्र उघडलं आणि त्याच्या आत ठेवलेला माझा लेख वाचला. ‘अध्यापन आणि मौन’, भाग सत्ताविसावा. कशाला लाजायचं? संत काही कुठे पळून जात नव्हते.

परिणाम विलक्षण. नऊ जणांनी मीठ मागितलं. मन भरून आलं की माणूस हाताला चाळा शोधतो. कित्येकांचं जेवण ताटात तसंच राहिलं. अकराव्या मिनिटाला मठाधिपतींनी टेबलावर टकटक करून वाचन थांबवलं. त्यांनाही सहन झालं नसावं.

२३ फेब्रुवारी
शिक्षा : आठवडाभर वेगळ्या टेबलावर जेवण. टेबल खिडकीजवळ आहे. उजेड उत्तम, शेजारी कोणाचं कोपर नाही. एप्रिलच्या अंकाची निम्मी प्रूफं सूप संपेपर्यंत तपासून झाली. याला शिक्षा म्हणणाऱ्यांना छपाईतलं काही कळत नाही.

८ मार्च
विजय! मेमोच्या पुरवणीचं परिशिष्ट घेऊन गेलो होतो. मठाधिपतींनी बसायला सांगितलं. एकटे असले की ते मला अजून सर म्हणतात. म्हणाले, “सर, वाचकांनाच विचारा ना. तीनशे बारा जणांना अंक जातो. त्यातल्या पन्नास जणांनी हवा म्हटलं, तर मी शब्द मागे घेतो. ३१ मेपर्यंत.”

पन्नास! माणसाने स्वतःच्या पायावर किती मोठा धोंडा मारून घ्यावा. मी चेहरा गंभीर ठेवून होकार दिला. कोठीवाल्या ब्रदरना मुद्दाम गाठून सांगितलं की बटाट्यांची सोय दुसरीकडे बघा. ते म्हणाले, बघू.

१९ मार्च
अंकात एक चिठ्ठी छापतोय. ‘त्रैमासिक हवे आहे’ आणि पुढे चौकोन. खूण करायची, फाडायची, पाठवायची. मुखपृष्ठावर टाका, असं कोठीवाल्या ब्रदरनी सुचवलं. बटाट्यांच्या माणसाचा सल्ला. चिठ्ठी मी पान एकसष्टवर घेतली आहे, माझ्या लेखाच्या अगदी शेवटी. खरा वाचक तिथे पोचणारच. जो पोचत नाही त्याचं मत हवंय कुणाला?

१५ एप्रिल
तीनशे बारा पाकिटं रवाना. पाठ धरली. मन प्रसन्न.

२६ एप्रिल, रविवार
ताईचा फोन. माझ्याहून सात वर्षांनी मोठी, पहिल्यापासूनचा प्रत्येक अंक तिच्याकडे आहे. म्हणाली, अंक मिळाला, फार छान. मी विचारलं, शेवट कसा वाटला? तोही छान म्हणाली. मग चिठ्ठी पाठवलीस का?

“कसली चिठ्ठी रे, बाळू?”

तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. मागच्या वर्षी. डोळे सुधारायला वेळ लागतोच.

४ मे
चिठ्ठ्या : शून्य. टपाल फारच मंदावलंय. पोस्टमनला चार शब्द सुनावले.

११ मे
शून्य. लोक विचार करताहेत. चांगला वाचक घाई करत नाही.

१८ मे
कोठीवाले ब्रदर टेप घेऊन खोली मोजायला आले. पन्नास चिठ्ठ्या येऊ द्या, मग बोलू, असं बजावलं. जाताना एक पोतं ठेवून गेले, तात्पुरतं म्हणे.

२३ मे
पाकीट आलं! उभ्या उभ्याच फोडलं. एका वाचनालयाचं पत्र निघालं. कपाटात जागा नाही, कृपया अंक पाठवू नये. ही चिठ्ठी नव्हे, त्यामुळे मोजायचा प्रश्न येत नाही.

२९ मे
उरलेल्या प्रती तपासल्या. पान एकसष्ट जागेवर आहे. चौकोन आहे. फाडायची रेघ सुबक आहे. चूक माझी नाही, हे नोंदवून ठेवतो.

३१ मे, दुपारी ४
मठाधिपती छापखान्यात आले. खुर्चीवर प्रूफं होती म्हणून बटाट्यांच्या पोत्यावर बसले. मी नवा मेमो तयार ठेवला होता : मुदत वाढवून मिळण्याबाबत. तो पुढे करणार, तेवढ्यात त्यांनीच खिशातून एक कागद काढून माझ्या हातात दिला. चिठ्ठी. रेघेवर नीट फाडलेली. चौकोनात खूण, खाली त्यांची सही.

म्हणाले, “मी तुमचा एकही अंक अर्धवट सोडलेला नाही, सर. नापास झालो त्या वर्षापासून. पण वाचणारा मी एकटाच आहे.”

मी म्हटलं, मग बंद कशाला करता?

“एका वाचकासाठी छापखाना कशाला? रिसेप्शन माझ्या खोलीला लागून आहे. तुम्ही बोला, मी ऐकतो.”

मेमो माझ्या हातातच राहिला. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. तीनशे अकरा पाकिटं एकेचाळीस वर्षं मी कोणाला पाठवत होतो?

१ जून, सकाळी १०.३०
रिसेप्शन. एक टेबल, एक खुर्ची, किल्ल्यांचा बोर्ड. पाहुणे नाहीत. मनात म्हटलं, इथूनही शिकवता येईल, माणसं तर येतातच ना. बघून घेईन एकेकाला.

दहा वाजता मठाधिपती आले. टेबलाला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, “हं, सर. अठ्ठाविसाव्या भागात काय म्हणायचं होतं तुम्हाला?”

मी तोंड उघडलं. घसा साफ केला. पुन्हा तोंड उघडलं. ते थांबले होते, घाई करत नव्हते. एकेचाळीस वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं.

उद्या सांगतो म्हणालो.