शिडीच्या पायथ्याशी

सोमवार

ती. दादास,
घारीचा सा. न. वि. वि.

फोनच्या उजेडानं डोकं ठणकतं, म्हणून पत्र. तेही पडदे ओढून. क्रेनच्या केबिनची चौकट कपाळात बसली त्याला महिना झाला. डॉक्टर म्हणतात, रोज शांत बसून श्वासाकडे लक्ष दे. मी बसल्यासारखं करते. श्वास आपला आपण येतो-जातो, त्याला राखणदार कशाला?

आजच्या तपासणीत मात्र पैकीच्या पैकी! त्यांनी शब्दांची यादी ऐकवली, मी उलटीसुद्धा म्हणून दाखवली. चक्कर येते का, विचारलं, नाही म्हटलं. पुढच्या सोमवारी क्रेनवर चढणार. घरात बसून माझी कोपऱ्यातली केरसुणी झालीय. वहिनींना नमस्कार. लोभ असू दे, ओरडा नको.

तुझी घारी

गुरुवार

चि. घारीस अनेक आशीर्वाद.

तुझं डोकं कठीण, हे मला जन्मापासून ठाऊक. त्या चौकटीची विचारपूस राहिली.

थट्टा पुरे. अगं, बाबांनी संस्कृतची शब्दरूपं अशी घोटून घेतली, की गोवराच्या तापात आईलाही ओळखत नव्हतीस, तेव्हा साऱ्या विभक्त्या बिनचूक म्हणत होतीस. बाबा खूश झाले. आईनं डॉक्टर बोलावला. तुझं पाठांतर हे प्रकृतीचं प्रमाण नव्हे. या डॉक्टरांना बिचाऱ्यांना ते कसं कळावं? आणि उजेड सोसत नाही म्हणतेस, मग चक्कर तेवढी येत नाही होय?

तुझ्या आकड्याला टनावारी सळया लोंबतात, खाली माणसं वावरतात. तुझ्या साहेबांना फोन लावायला बोट शिवशिवतंय. पण चहाडी केली तर उद्या मलाही 'नाही'च सांगशील. एवढंच कर: शिडीच्या पायथ्याशी डोळे मिटून चार श्वास खरोखर पाहा. ते पाठ करता येत नाहीत.

सोमवारी वर्गात मुलांपुढे संस्कृतचे धातू चालवीन, जीव तुझ्या शिडीशी असेल. लोभही तिथेच ठेवतो.

तुझा दादा

सोमवार

ती. दादास सा. न.

हेल्मेट घालून डोळे मिटले. सळया बांधणाऱ्याला वाटलं, बाई प्रार्थना करतायत. पहिला श्वास गेला. दुसऱ्याला सवयीनं शब्दरूपं सुरू झाली, थांबवली. तिसऱ्याला पायाखालचं काँक्रीट होडीसारखं कललं. शिडी घट्ट धरली. डोळे उघडले तर समोर तोच, ज्याच्या डोक्यावरून मी रोज लोखंड नेते. त्याला म्हटलं, मला चक्कर येतेय. त्यानं मला सळयांवर बसवलं आणि साहेबांना हाक मारली.

डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. क्रेन पुन्हा मिळेल का, ते आत्ताच सांगत नाहीत. संध्याकाळी खोलीत बसले, खरंच बसले. भीती वाटली, दादा. ती आहे एवढं पाहिलं, आणि उठले नाही.

लोभ शिडीपाशी मिळाला. यापुढे घरच्या पत्त्यावर धाड.

तुझी घारी