पचनसंस्थेच्या अध्यक्षपदी तोंड

४ ऑगस्ट, सकाळ
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी, बीपी वर गेलंय, राग बंद करा. ठीक. आजपासून राग बंद. मनावर घेतलं की मी काहीही सोडते. तपकीर सोडलीच होती. दोनदा.

४ ऑगस्ट, संध्याकाळ
राग आला. माझी चूक नाही. आमच्या टिकलीला, सातवीतल्या सोन्यासारख्या नातीला, विज्ञानात वीसपैकी चार! बाईंचा हात तरी कसा धजला? वर सूनबाईचं फर्मान: पुढच्या टेस्टला बारा पडले नाहीत, तर रोज सहा ते आठ ट्यूशन. सहा ते आठ म्हणजे माझी वेळ! टिकली माझ्या मांडीवर पाय टाकते आणि वर्गातल्या सगळ्या चहाड्या सांगते. दिवसभर मी त्यावरच तर जगते. मी म्हटलं, मी शिकवीन तिला. सूनबाई म्हणाली, आई, तुमची शाळा दुसरीपर्यंत. म्हटलं, दुसरी पास आहे मी, नापास नाही.

५ ऑगस्ट
पुस्तक उघडलं. पहिलंच वाक्य, सजीवांचं शरीर पेशींचं बनलेलं असतं. खोटं! भिंतीच्या भांडणात माझ्या भावाच्या कोर्टात सतरा पेश्या झाल्या. त्याचं शरीर झिजलं, बनलं कुठे? टिकली हसून लोळली. म्हणाली, अगं आजी, ही कोर्टातली पेशी नाही, ही इवलीशी, डोळ्यांना न दिसणारी. मग दुसरा शब्द ठेवायला काय झालं होतं? पुस्तक लिहिणाऱ्याचा राग आला. तो समोर नव्हता, म्हणून हा हिशेबात धरायचा नाही.

७ ऑगस्ट
आज मात्र माझा विषय निघाला. पचनसंस्था, श्वसनसंस्था, उत्सर्जन संस्था. संस्थांतलं मला कुणी सांगू नये. महिला शिवण संस्थेत अकरा वर्षं काजं केली आहेत मी. टिकलीला फोड करून सांगितलं. पचनसंस्थेचं अध्यक्ष तोंड, कारण नुसतं खायचं आणि बोलायचं. चिटणीस यकृत, राबराब राबतं पण फोटोत कुठे नाही. आतडी म्हणजे सभासद, यादी लांबलचक आणि काम सावकाश. आणि उत्सर्जन संस्थेतून राजीनामे बाहेर पडतात.
हे खुर्चीतून म्हणाले, अगं, ती संस्था वेगळी. म्हटलं, चाळीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होतात, पुड्या बांधल्यात. संस्थेत होतात का कधी? ह्यांनी पेपर तोंडापुढे धरला. मग आमच्या अध्यक्षीणबाई आठवल्या. माझ्या हातच्या काजांवर हार घालून घेतला होता त्यांनी! पुन्हा राग. पण तो एकवीस वर्षांपूर्वीचा, डॉक्टरीणबाईंच्या आधीचा.

९ ऑगस्ट, सकाळचे आठ
हे आणि टिकली दूध आणायला गेलेत. तास झाला. दुकान कोपऱ्यावर आहे. गाय विकत घेतायत की काय? चहा खोळंबला. चिडले नाही, फक्त भांडी जोरात ठेवली.

९ ऑगस्ट, दुपार
सजीवांची लक्षणं पाठ झाली. टिकलीला उदाहरण हवं म्हणून ह्यांच्यावरच तपासली. हालचाल: खुर्ची ते पलंग. वाढ: फक्त पोटाची. चेतनेला प्रतिसाद: पाच हाका मारल्या, शून्य. श्वसन आहे, घोरण्यावरून सिद्ध. टिकलीला म्हटलं, लिहून ठेव, आजोबा काठावर पास. हे पेपराआडून हसले. हसले म्हणजे ऐकू येत होतं! पाच हाका! आता बीपी वाढलं तर कोण जबाबदार?

१४ ऑगस्ट
आज टेस्ट. टिकलीला दारात शेवटचं विचारलं, अध्यक्ष कोण? म्हणाली, तोंड. शाब्बास. बाराच काय, वीस पडतील. सूनबाईने ट्यूशनचा कागद फ्रीजवर लावून ठेवलाय. त्याच्याकडे बघायचंच नाही ठरवलं. चौदा वेळा बघितला.

१९ ऑगस्ट
अठरा!!! वीसपैकी अठरा! जिन्यातल्या सगळ्यांना सांगितलं. इस्त्रीवाल्याला सांगितलं. डॉक्टरीणबाईंना मुद्दाम फोन केला, त्या म्हणाल्या, आजी, हळू बोला. सूनबाईने कागद फाडला. मी नुसती तिच्यासमोरून तीनदा गेले.

२० ऑगस्ट
चष्मा लावून टेस्टचा पेपर वाचला. पेशी, केंद्रक, लहान आतडं, सगळं बरोबर. ह्यातलं मी काहीच शिकवलं नव्हतं. टिकलीला विचारलं. मान खाली. म्हणाली, आजोबा रोज दूध आणताना दुकानाच्या पायरीवर बसून शिकवायचे, तू चिडशील म्हणून सांगितलं नाही.
मी आणि चिडणार?
दोन मार्क कुठे गेले तेही सापडलं. ‘पचनसंस्थेचे अध्यक्ष तोंड असते, ते नुसते खाते व बोलते.’ वर लाल फुली. टिकली म्हणाली, तुझं एक तरी लिहायचं होतं मला.
बाईंना संस्थेचा अनुभव नाही. दोन मार्क फुकट खाल्ले.

२१ ऑगस्ट, संध्याकाळचे सहा
सूनबाईने ठरवलं. ट्यूशन नाही, रोज सहा ते आठ आजोबाच शिकवणार. दार लोटून, कारण मी मध्ये बोलते.
मी ह्यांच्या खुर्चीत बसले आहे. हालचाल नाही. सूनबाईने दोनदा हाक मारली, प्रतिसाद दिला नाही. आतून टिकलीच्या हसण्याचा आवाज येतोय. आत्ता म्हणाली, आजी गं, ये ना!
एका हाकेत उठले.
चहा हवा होता. दोघांना.