तुझी बाग, तुझा जावई

आई, तुझ्या जावयाचा मला हेवा वाटतो. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी वाटतो. आत्ता तो आमच्या गुडगावच्या घरामागे उकिडवा बसून पालापाचोळ्याच्या ढिगात काहीतरी बघतोय, आणि मनातल्या मनात तुझ्याशी बोलत असणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते आणि चिडते.

तो मला बघायला आला, त्या दिवसापासूनच हे सुरू झालं. दिल्लीच्या द्वारकेतली आपली नवी सोसायटी, अर्धे झालेले रस्ते, जिकडे तिकडे धूळ. तळमजल्याबरोबर जी जमीन मिळाली तिच्यात मातीपेक्षा बिल्डरचा मलबाच जास्त होता. बाकीच्यांनी माळी ठेवून हिरवंगार लॉन केलं, कीटकनाशकं फवारली. तू मात्र वाळकी पानं झाडू दिली नाहीस, औषध मारू दिलं नाहीस. शेजारच्या आंटी म्हणायच्या, "भाभीजी, साँप आ जाएगा," आणि तू हसून म्हणायचीस, "आने दो, चूहे खाएगा." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्या रविवारी पाहुणे येणार, आणि समोरच्या दारावरच्या मधुमालतीत बुलबुलाची पिल्लं. आठवडाभर तू ते दार कुणाला उघडू दिलं नव्हतंस. मुलाची आई भरजरी साडी नेसून आलेली, आणि तू त्यांना मागच्या बाजूने, सिलिंडर ओलांडायला लावून, थेट स्वयंपाकघरातून आत आणतेस! "माफ करा हं, पिल्लं आहेत, चार दिवसांत उडतील." मी तिथेच बशा भरत उभी, केस अर्धे विंचरलेले. वर पोह्यांत कढीपत्ता नाही. दारात कढीपत्त्याचं झाड असून नाही, कारण त्यावर फुलपाखराच्या अळ्या होत्या. "अगं, त्यांना दुसरं काही चालत नाही," तू सकाळी म्हणाली होतीस, "तुझं एक दिवस त्याच्यावाचून काय अडतंय?" माझं लग्न ठरायचं होतं त्या दिवशी, आई. अळ्यांपुढे माझी किंमत शून्य!

आणि तो? पोह्यांची बशी घेऊन तुझ्यामागे खिडकीशी गेला. तुम्ही दोघं पडद्याआडून घरटं बघत कुजबुजत राहिलात आणि मी सोफ्यावर त्याच्या आईच्या प्रश्नांना उत्तरं देत बसले. होकार आला. आजही कुणी विचारलं की हा सांगतो, "मी तर सासूबाईंना बघून हो म्हटलं, यार." लोक हसतात. मीही हसते, काय करणार.

लग्नानंतर तुझा फोन यायचा. बरी आहेस ना, जेवलात का, आणि लगेच, "त्याला दे जरा." मग अर्धा अर्धा तास तुमचं चालायचं. कुंपणाला काय लावायचं, गच्च झुडूप का छाटायचं नाही, बाहेरचा दिवा पतंगांसाठी का विझवायचा. मी पोळ्या लाटता लाटता एकाच बाजूचं ऐकायची. मला का नाही गं सांगितलंस हे कधी? मी विचारलं नाही, मान्य. पण तूही मला कधी बागेत हाक मारली नाहीस. तू गेलीस तेव्हा तो तुझ्या बागेत बसून हमसून हमसून रडला, आणि मला, तुझ्या पोटच्या पोरीला, त्याच्या त्या रडण्याचासुद्धा हेवा वाटला.

यंदाच्या उन्हाळ्यात लूच्या गरम झळा फार होत्या. पाखरांसाठी तो अंगणात पाण्याची परात ठेवतो, तिच्यात मधमाश्या बुडून मरायला लागल्या. तळहातावर एक मेलेली माशी घेऊन तो आत आला.

"आई काय करायच्या गं याला? मला कधी बोलल्या नाहीत."

तुझं काहीतरी त्याला माहीत नव्हतं! मी कणीक मळत होते. वर न बघताच म्हणाले, "दगड ठेवायची परातीत. पाण्याच्या वर डोकं राहील असे. माश्या त्यांवर बसून पितात. मला सांगितलं होतं तिनं."

"तुला?"

"हो. मला एकटीला."

त्याने लगेच दगड आणून ठेवले. माश्या बसल्या, प्यायल्या, उडून गेल्या. आता घरी येईल त्याला तो ती परात दाखवतो, "ही आमच्या आईंची युक्ती," आणि सगळे तुझं कौतुक करतात. हे पत्र त्याच्या हाती लागायला नको, म्हणून लिहून झालं की फाडून टाकणार आहे. तू दगड ठेवायचीस की नाही, मला खरंच माहीत नाही गं. ते माझ्याच डोक्यातून आलं. पण "तुला?" म्हणताना त्याचा चेहरा पडला ना, तेव्हा मला फार बरं वाटलं.