दिनू भिंतीवरून पडतो तिथे

अकोला, गुरुवार, १४ सप्टेंबर १९६१

आज दिनूचा सिनेमा उतरला. जेमतेम आठवडा निघाला. टॉकीजचे मॅनेजर म्हणाले, "बाई, खुर्च्या रिकाम्या जाऊन राहिल्या, मी तरी काय करू?" त्यांचंही खरंच आहे. मुंबईच्या पेपरानं तर आधीच धुऊन काढलं होतं. शाळकरी पोरं हेडमास्तरांच्या तिजोरीतून परीक्षेचे पेपर चोरतात, यात विनोद कसला म्हणे. शेवटची ओळ तेवढी चांगली होती: भिंतीवरून पडणाऱ्या त्या गोलमटोल मुलाकडून पुढे मोठ्या अपेक्षा आहेत.

पुढे. माझा भाऊ चैत्रातच विषमज्वरानं गेला, हे त्या लिहिणाऱ्याला कोण सांगणार?

आई रोज जायची. मी शाळेत शिकवून थेट तिथेच. बायकांच्या बाजूला आम्ही दोघीच असायचो. दिनू भिंतीवर चढायला लागला की आई पुटपुटायची, "हळू रे, पडशीन." तो पडायचाच. पुढच्या बाकांवरची पोरं खिदळायची, आणि आईसुद्धा तोंडाला पदर लावून हसायची. घरी ती चैत्रापासून हसलेली नाही. मग तिला जाऊ नको कसं म्हणणार होते मी?

आज बाहेर पडताना तिनं विचारलं, "आता कोणत्या गावले जाईन हा सिनेमा?" मूर्तिजापूरला, असं मी सांगून बसले. सांगायला नको होतं का?

आत्ता स्वयंपाकघरात डोकावले तर ती दशम्या बांधतेय. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तो तिथं भिंतीवरून पडते, तवा घरचं कोणी नको काय?"